सात किलोंचा हिशेब

परदेशातल्या एखाद्या शहरात चार-पाच दिवस फिरून आलेला माणूस हल्ली दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, तिथले रस्ते किती स्वच्छ. दोन, "आम्ही नुसती केबिन बॅग घेऊन गेलो." हे दुसरं वाक्य उच्चारताना आवाजात थोडी तपश्चर्या उतरते. विमानतळावर पट्ट्यापाशी ताटकळावं लागलं नाही, सामानाचे पैसे वाचले, इथपर्यंत ठीक आहे. पण पाठोपाठ 'माणसाला लागतं तरी किती हो' येतं आणि सात किलोंची बॅग एकदम अपरिग्रहाच्या पाटावर जाऊन बसते. दोन मोठ्या बॅगा ओढत जाणारे मग आपोआप मागासलेले, धास्तावलेले, वस्तूंत अडकलेले ठरतात.

हे मत उथळ आहे. केबिन बॅगेशी माझं वैर नाही. शहर बघायला जाताना तीच न्यावी, असंच मीही शेवटी म्हणणार आहे. पण त्यामागचं कारण मला वेगळं दिसतं. प्रवासातलं वजन सहसा नाहीसं होत नाही, ते दुसऱ्याकडे जातं. आपली बॅग हलकी झाली की उरलेलं ओझं कुणीतरी कुठेतरी उचलत असतं, साठवत असतं, धूत असतं. तेव्हा बॅग किती किलोंची हे विचारून झाल्यावर, उरलेलं कुणाकडे, हेही विचारायला हवं. भिवंडीजवळच्या अंजूरला राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न सुचला नाही तरच नवल.

१. मुंबईची मोठी बॅग

अंजूर, मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर हा भिवंडीलगतचा पट्टा एके काळी भातखाचरांचा आणि खाडीकडच्या खार जमिनींचा होता. आता तो पत्र्यांचा आहे. 'गोदाम' हा शब्द वर्तमानपत्रातला. बोलताना सगळे गाळा किंवा गोडाऊन म्हणतात. भाताच्या जागी गाळे का उगवले, याचं बरंचसं उत्तर एका करात आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल न्यायचा तर मुलुंड, दहिसर अशा नाक्यांवर जकात भरावी लागे. विक्री व्हायच्या आधीच कराचे पैसे अडकवायचे कशाला? व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर, पण मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, ग्रामपंचायतींच्या स्वस्त जमिनीवर ठेवला आणि लागेल तसा टेम्पो भरून आत न्यायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली. आता गाळे ओस पडतील, असं काहींना वाटलं होतं. झालं उलटंच. करासाठी राज्याराज्यांत लहान लहान गोदामं ठेवायची गरज संपली, कंपन्यांनी माल मोठ्या गोदामांत एकत्र केला आणि त्यातला मोठा वाटा याच पट्ट्यात आला.

याचा बॅगेशी संबंध असा. मुंबईतलं घर लहान, दुकान त्याहून लहान. दुकानदार चार नग फळीवर ठेवतो. पाचवा लागला तर उद्या येतो. घरात साखर संपली तर फोनवर मागवली जाते. मुंबई ही केबिन बॅगेवर जगणारी नगरी आहे, आणि तिची मोठी बॅग आमच्या खाचरांवर ठेवलेली आहे. मध्यरात्री एखाद्या गाळ्याच्या तोंडाशी ट्रेलर मागे घेताना बघा. क्लीनर पत्र्यावर थाप मारत 'आने दो, आने दो' ओरडत असतो. शटरखाली गमछा डोक्याला गुंडाळलेली माणसं बिडी विझवून उभी राहतात, आणि मग खोका एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जात राहतो. अंधेरीच्या घरातला मोकळा कोपरा या पाठींवर उभा आहे. त्या मोकळ्या कोपऱ्याला साधी राहणी म्हणायची की उत्तम पुरवठा?

२. बॅगेत काय नाही, ते मोजा

भारतीय विमान कंपन्यांच्या इकॉनॉमी वर्गात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोंची मर्यादा असते. चाकं असलेली रिकामी बॅगच अडीच-तीन किलोंची भरते. म्हणजे हातात राहतात चार-साडेचार किलो: दोन पँट, चार शर्ट, आतले कपडे, चार्जर, औषधं, कागदपत्रं आणि पॉवर बँक, जी मोठ्या बॅगेत टाकायला मनाईच आहे. द्रवपदार्थ १०० मिलीच्या बाटल्यांत, त्याही एका पारदर्शक पिशवीत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासूनचं हे बंधन. तेलाची बाटली, लोणच्याची बरणी त्यात आलीच.

हलक्या प्रवासाचे सल्ले देणारे इथेच थांबतात: कपडे कसे गुंडाळावे, बूट पायात घालून कसे न्यावेत. मला उलटी यादी महत्त्वाची वाटते. टॉवेल नाही, साबण नाही, इस्त्री नाही, छत्री नाही, पांघरूण नाही, खाणं नाही, सहाव्या दिवसाचा शर्ट नाही. यातली एकही गोष्ट प्रवासी सोडून देत नाही. तो रोज धुतलेल्या टॉवेलने अंग पुसतो, पाऊस आला की छत्री विकत घेतो, तिन्हीत्रिकाळ जेवतो. नकाशे, पुस्तकं, तिकिटं फोनमध्ये गेली, म्हणजे कुठल्याशा सर्व्हरच्या गोदामात गेली. बॅगेतून काढलेल्या बहुतेक वस्तूंना दुसरीकडे पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर पाळीने काम करणारं माणूस आहे.

ही टूम निघाली कुठून, तेही लक्षात ठेवावं. २००८ साली इंधन कडाडलं, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवाशाच्या पहिल्या बॅगेलाच १५ डॉलर लावले; बाकीच्या अनेक कंपन्या मागोमाग गेल्या. लोक केबिन बॅगेकडे वळले त्यात या दरपत्रकाचा हात मोठा आहे. तत्त्वज्ञान नंतर चिकटलं.

३. दिंडीमागचा ट्रक

'हलकं चालणं ही तर आपलीच परंपरा,' असं कुणी म्हणालं की वारकऱ्याचं उदाहरण येतं. खांद्याला पडशी, हातात टाळ, बाकी विठ्ठलावर हवाला. चित्र खरं आहे, पण अर्धं. आळंदीहून निघालेल्या दिंडीबरोबर ट्रक असतो. त्यात तंबू, वळकट्या, मोठाली पातेली, सिलिंडर, तांदळाची पोती. दिंडी मुक्कामाला पोचते तेव्हा राहुट्या ठोकलेल्या असतात आणि पिठलं रटरटत असतं. वाटेवरच्या गावांनी भाकरी थापलेल्या असतात. वारकऱ्याला याची पुरेपूर जाणीव असते. तो गावाला नमस्कार करतो, दिंडीची भिशी भरतो, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या पाया पडतो. केबिन बॅगवाल्याने त्याच्याकडून घ्यायचं ते हे. हा मात्र नेमकं पडशीचं माप तेवढं घेऊन येतो.

दुसरं उदाहरण मराठी घोडदळाचं. हलकी फौज, सामान कमी, म्हणून चपळ. पानिपतावर मात्र बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचा लोंढा बरोबर, म्हणून घात. शाळेपासून ऐकलेलं हे समीकरण अगदीच चुकीचं नाही. पण हलक्या घोड्याचा दाणागोटा कुठून येतो, हे त्यात कुणी सांगत नाही. तो मुलखातून येतो, म्हणजे कुणाच्या तरी शेतातून. शिवाजी महाराजांनी हे ओळखलं होतं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण आताच उधळलात तर पुढे लष्करातली माणसं रयतेच्या घरात शिरतील, कुणाचं धान्य, कुणाचं गवत, कुणाची भाजी आणतील, असा त्यातला इशारा आहे. पत्र आहे कोठारातल्या साठ्याविषयी, काळजी आहे कुणब्याची. आपण साठवलं नाही तर ओझं कुणावर पडेल, हा हिशेब राज्य चालवणाऱ्याने मांडलेला आहे. पर्यटकाने लूट केलेली नसते, तो दाम मोजतो, हा फरक मोठा आणि तो मान्य. पण 'मला काही लागत नाही' हे वाक्य दोघांच्याही तोंडी सारखंच खोटं.

४. बेगमी

आता जड बॅगेकडे. तिची टिंगल करणाऱ्यांना 'बेगमी' हा शब्द विसरायला झाला आहे. आमच्या आगरी घरांत चैत्र-वैशाखात मसाला कुटायचा, पापड वाळवायचे, बोंबील आणि सुकट भरून ठेवायची, कणगीत भात असायचा. कारण आषाढात वाट बंद, खाडीला उधाण, होडी बंद. ज्याच्याकडे बेगमी नाही तो शेजाऱ्याच्या दारात. यात हाव नव्हती. पुढचे तीन महिने कुणावर ओझं होऊ नये, ही साधी प्रतिष्ठेची गोष्ट होती. ज्या समाजाने दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत असे पावसाळे काढले, तो परदेशी निघताना बॅगेत भाजणी भरणारच.

अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या घरी 'तेवीस-तेवीस' हा आकडा आठवडाभर घुमत असतो: २३ किलोंच्या दोन बॅगा. वजनकाट्यावर आधी बाबा एकटे उभे राहतात, मग बॅग उचलून, मग वजाबाकी. अर्धा किलो जास्त भरला की बाबांचा स्वेटर निघतो, मेतकूट राहतं. त्यात मुलीसाठी गोडा मसाला, नातवासाठी लाडू, आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या सुनेसाठी दिलेला डबा. हे सगळं परदेशात मिळत नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. लंडनला वेम्बलीच्या इलिंग रोडवर पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं; कंटेनर भरभरून जातं. लंडनचं महाराष्ट्र मंडळच १९३२ सालचं आहे. मग मेतकूट न्यायचं कशाला? त्या डब्याचं काम भूक भागवण्याचं नसतंच मुळी. ते वजन नात्याचं आहे आणि ते विमानाने गेलं तर बिघडलं काय, मला कळत नाही.

पण सगळंच वजन नात्याचं नसतं. सिंगापूरला कुणी ओळखीचं नाही, हॉटेलात सकाळचा नाश्ता ठरलेला आहे, मुस्तफा सेंटरमध्ये फरसाणापासून डाळीपर्यंत सगळं आहे, तरी चार दिवसांसाठी वीस थेपले, चिवड्याचं पाकीट, दोन जादा चादरी. हे धास्तीचं वजन. आणि धास्ती बरोबर घेऊन गेलं की कधी कधी भलतंच ओढवतं. सुकं खोबरं विमानाच्या दृष्टीने धोकादायक माल आहे, कारण त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं; त्याची वाटी बॅगेत सापडली की बाहेर काढतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, म्हणजे दिवाळीचे अनारसे घेऊन दुबईला उतरणारी मावशी तिथल्या कायद्याने गुन्हा करत असते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे आले, साजूक तूपही आलं. नात्याची बॅग भरणारा ही चौकशी बहुधा करतो, कारण डबा पोचायला हवा असतो. धास्तीची बॅग भरणारा सहसा करत नाही.

५. शहर हे सामायिक कोठार

इथून मी केबिन बॅगेच्या बाजूला येतो. गावात प्रत्येक घराची कणगी वेगळी. शहराची युक्ती ही की कणगी सगळ्यांची मिळून एक. प्रत्येकाने इस्त्री बाळगायची नाही, इस्त्रीवाला असतो. प्रत्येकाने औषधं साठवायची नाहीत, कोपऱ्यावर केमिस्ट असतो. शहराची ताकद वस्तू वाटून वापरण्यात आहे. तेव्हा शहर बघायला निघालेला माणूस आपली सगळी कणगी डोक्यावर घेऊन गेला, तर त्याने शहराच्या मुख्य गोष्टीला हातच लावला नाही. त्याने देखावे पाहिले. मनोरा, पूल, संग्रहालय, कारंजं.

टोकियोचं घ्या. तिथे बऱ्याच हॉटेलांत नाणी टाकून चालणारी धुलाई यंत्रं असतात. शर्ट संपले की तुम्हाला तिथे जावंच लागतं. कोणतं बटण दाबायचं ते कळत नाही, म्हणून कुणाला तरी विचारावं लागतं. मग पाऊणेक तास एका बाकावर, शेजारी गावोगाव फिरणारा विक्रेता आणि परीक्षेला आलेली मुलगी. मार्गदर्शकाच्या झेंड्यामागे ही जागा येत नाही. त्याच जपानात १९७६ साली यामातो कंपनीने घरपोच सामान पोचवण्याची सेवा सुरू केली. आज लोक हॉटेलातून हॉटेलात बॅग पाठवून देतात आणि मोकळ्या हातांनी आगगाडीत चढतात. म्हणजे दिंडीमागचा ट्रकच, फक्त वेळापत्रकावर धावणारा.

बॅग हलकी असावी ती एवढ्यासाठी, की त्या शहराची गरज पडावी. गरज पडली की विचारावं लागतं, विचारलं की माणूस भेटतो. अंजूरकरांना हे वेगळं सांगायला नको. गंगाजी नाईक अंजूरकर याच गावचे. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांची फौज घाटावरून खाड्या, खाजणं आणि दलदलीच्या या मुलखात उतरली, तेव्हा नाईकांसारखी इथली माहितगार माणसं तिच्या बाजूने होती. परक्या मुलखात एका माहितगाराची किंमत दहा बैलांच्या ओझ्याहून जास्त. आणि ज्याच्याकडे सगळं आहे, तो माहितगार शोधायला जात नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत भक्कम: 'उरलेलं वजन दुसरा उचलतो हे खरं, पण आम्ही त्याचे पैसे देतो. यालाच श्रमविभागणी म्हणतात. तक्रार कसली?' तक्रार नाहीच. मात्र पैसे दिले की हिशेब आपोआप चुकता होतो, हे महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. पैसे तर हमालांना पूर्वीही मिळत होते. तरीही अण्णासाहेब पाटलांना माथाड्यांची संघटना उभारावी लागली आणि सरकारला १९६९ साली माथाडी कायदा करावा लागला, कारण ओझं उचलणाऱ्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. वही असली तर मजुरी, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांचं बोलणं सुरू होतं. प्रवाशाकडून मी कायदा मागत नाही. त्याच्या मनातल्या वहीत ते नाव असावं आणि त्याने आपल्या सोयीला त्याग म्हणू नये, एवढंच.

दुसरा आक्षेप: 'हलकी बॅग नेणारे तिथे जाऊन छत्र्या, चपला, टीशर्ट घेतात आणि हॉटेलात टाकून येतात.' हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो. टाकून येण्यासाठी विकत घेणारा शहराची गरज अनुभवत नाही, तो त्याला उकिरडा समजतो. धुवा, भाड्याने घ्या, मागून घ्या. आणि विकत घेतलंच तर घरी आणा.

तिसरा: 'शाकाहारी माणसाने काय करावं?' आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा हा प्रश्न जीवघेणा होता. फिलाडेल्फियात वैद्यकीचं शिक्षण घेताना त्यांनी शाकाहार सोडला नाही, पेहराव सोडला नाही, आणि त्या शहराच्या कोठारात त्यांच्यासाठी जवळजवळ काहीच नव्हतं. तेव्हा बरोबर नेलेली प्रत्येक वस्तू गरजेचीच होती. आज मोठ्या शहरांत तो प्रश्न चौकशीचा उरला आहे. कडक पाळणाऱ्याने शिधा न्यावा. त्याला केबिन बॅगेचा धर्म शिकवायला जाऊ नये.

म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारी यांना हे काही लागू नाही. यावर वाद घालणारा माणूस प्रवासाला एकटाच जात असावा.

७. घरातलं वजन

एक हिशेब राहिला, आणि तो विमानतळाच्या काट्यावर दिसत नाही. चौघांचं कुटुंब निघालं की नवरा एक छोटी बॅग घेऊन दारात तयार उभा असतो. आपण किती सुटसुटीत, हे तो ड्रायव्हरलाही ऐकवतो. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या बायकोच्या पर्समध्ये असतात. मुलाचं जाकीट तिच्या बॅगेत, पासपोर्टच्या झेरॉक्स तिच्याकडे, प्लगचा अडॅप्टर तिने आठवणीने घेतलेला, ओल्या कपड्यांचा वास येऊ नये म्हणून जादा पिशव्याही तिनेच टाकलेल्या. मग विमानतळावर तिची बॅग नऊ किलो भरते आणि तो मान हलवून म्हणतो, "तुला कमी घेताच येत नाही." बेगमीची सगळी आठवण एका माणसाने वाहायची आणि हलकेपणाची शेखी दुसऱ्याने मिरवायची, हा प्रकार घरोघरी इतका रुळला आहे की तो कुणाला खटकतही नाही. अंजूरचे गाळे निदान हमरस्त्यावरून दिसतात. ही पर्स दिसत नाही.

तेव्हा शहर बघायला निघालेल्या पुरुषवाचकांना एक विनंती. न्या, केबिन बॅगच न्या. पण चेन ओढण्याआधी आपल्या गोळ्यांची डबी आपण स्वतः भरली आहे का आणि ती आपल्याच बॅगेत आहे का, ते एकदा बघा.